सीवूड्सच्या खाडीत गळाने जिताडा: तिथी पाहण्यापासून मासा परत सोडण्यापर्यंत

ट्राउट आणि साल्मन हे थंड पाण्याचे मासे. ट्राउटला साधारण वीस अंशांच्या आतलं, वाहतं, स्वच्छ पाणी लागतं. म्हणूनच इंग्रजांनी तो हिंदुस्थानात आणला तेव्हा काश्मीर, कुलू, निलगिरी, मुन्नार अशा उंचावरच्या गार ओढ्यांतच तो टिकला. कोकणातल्या नदीत तो जगणार नाही. पण लहान नदीवर बसून, पाण्याची ओढ वाचून, एका माशासाठी गळ टाकायची ज्याला आवड आहे, त्याने नवी मुंबईच्या सीवूड्समध्ये राहून हिमाचलच्या तिकिटाची वाट पाहायचं कारण नाही. पाम बीच रस्त्याच्या पलीकडे खाडी आहे आणि खाडीत जिताडा आहे.

माथेरानच्या डोंगरातून उतरणारी गाढी, शिवाय काळुंद्री आणि कासाडी या लहान नद्या पनवेलच्या आसपास खाडीला मिळतात. ती पनवेलची खाडी बेलापूर, दिवाळे असं करत करावे गावाच्या पुढे ठाण्याच्या खाडीला मिळते. नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी दिवसातून दोनदा इथे एकमेकांत शिरतं. जिताड्याला नेमकं हेच हवं असतं. साल्मन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत चढतो. जिताड्याचा प्रवास उलटा आहे. तो गोड्या आणि निमखाऱ्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात उतरतो.

या माशाची एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करावी, कारण पुढच्या सगळ्या कृतीचा पाया तीच आहे. बहुतेक जिताडे आधी नर असतात. तीन-चार वर्षांचे, सुमारे ६० सेंटिमीटरचे झाले की ते वयात येतात. पुढे सहा-आठ वर्षांचे आणि ८५ ते १०० सेंटिमीटरचे होईतो त्यांची मादी होते. म्हणजे खाडीतला प्रत्येक मोठा जिताडा ही अंडी घालणारी आई असते. जो गळकरी हे जाणतो, त्याने काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे गळ पाण्यात पडण्याआधीच ठरवलेलं असतं.

खाली दिलेली कृती जेट्टीवरून, एका काठीने, नव्याने शिकणाऱ्यासाठी आहे.

साहित्य

काठी: ७ ते ८ फुटांची, मध्यम ताकदीची. फार लवचीक काठीने जिताड्याला जेट्टीच्या खांबापासून वळवता येत नाही.

रीळ: ३००० किंवा ४००० आकाराचं स्पिनिंग रीळ, खाऱ्या पाण्याला चालणारं.

दोरी: १० ते १५ किलो ताकदीची विणलेली (ब्रेडेड) दोरी, किमान १५० मीटर.

पुढचा तंगूस: २० किलोच्या आसपासचा जाड तंगूस, हातभर. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्याइतकी धारदार असते आणि तोंडाची आतली बाजू खरखरीत असते. पातळ दोरी तिथे घासून तुटते.

गळ: आत वळलेल्या टोकाचे सर्कल हुक, ४/० ते ६/० मापाचे. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा.

शिसं: मधोमध भोक असलेलं, २० ते ४० ग्रॅम. सोबत एक फिरकी (स्विव्हल) आणि एक मणी.

बाकीचं: बारीक जाळीचा मोठा झेला, लांब तोंडाची पक्कड, कात्री, जाड हातमोजा, मोजपट्टी, झाकणाची बादली, बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप, बर्फाची पेटी, जीवरक्षक जाकीट, टोपी, पाणी.

आमिष: जिवंत कोळंबी. ती नसेल तर तळहाताएवढं बोईट.

जागा आणि परवानगी

सीवूड्सहून जवळच्या जागा म्हणजे करावे गावाची जेट्टी आणि बेलापूरला दिवाळे कोळीवाड्याची जेट्टी. दोन्ही ठिकाणी पाण्यावर पहिला हक्क तिथल्या कोळी-आगरी मासेमारांचा आहे. होड्या लागण्या-सुटण्याची बाजू सोडून बसावं. पहिल्या दिवशी कुणा जाणत्या माणसाला, “काका, या कडेला गळ टाकला तर चालेल का? जाळी कुठे लावलीत?” एवढं विचारावं. वाण (खुंटांना बांधलेलं जाळं) कुठे बांधलाय, पाण्याखाली मोडकी होडी कुठे पडलीय, हे कोणत्याही नकाशात सापडत नाही. ते याच माणसाला ठाऊक असतं.

कुठे बसायचं नाही हेही नीट समजून घ्यावं. टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या आणि एनआरआय संकुलाच्या मागची पाणथळ, तसंच डीपीएस शाळेजवळचं तळं ही फ्लेमिंगोंची जागा आहे. तिथे गळ टाकू नये. ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यानचा ठाणे खाडीचा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ आहे. तिथेही जाऊ नये. तिवरांच्या झाडीत शिरू नये. सरकारी जमिनीवरची कांदळवनं राखीव वा संरक्षित वन आहेत. शिवाय तिवरांच्या मुळांतच जिताड्याची पिल्लं वाढतात.

कृती

१. महिना ठरवा.
पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, जिताडा अंडी घालतो. यांत्रिक होड्यांवरची १ जून ते ३१ जुलैची बंदी जेट्टीवरच्या गळाला लागू होते की नाही, याचा काथ्याकूट करत बसू नये. हे चार महिने गळ घरीच ठेवावा. ऑक्टोबरपासून पाणी निवळू लागतं, पावसात वाढलेली कोळंबी आणि बोईट ओहोटीबरोबर खाली उतरतात आणि त्यांच्यामागे जिताडा हिंडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत चांगले. त्यानंतर मार्च ते मे.

२. तिथीवरून भरती काढा.
आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा. येईल तो भरतीचा तास. शुक्ल आणि वद्य, दोन्ही पक्षांत मोजणी प्रतिपदेपासून एक अशी करायची. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा: सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या थोडं पुढे भरती. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. रोज भरती पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते. हा अंदाज आहे. निघण्यापूर्वी मुंबई बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून घ्यावं आणि खाडीत आतल्या बाजूला पाणी जरा उशिरा चढतं हे लक्षात ठेवावं.

३. दिवस निवडा.
अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाण्याला ओढ कमी, मासा सुस्त. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या घरात जातो. चिखल ढवळून निघतो, शिसं जागेवर ठरत नाही, कचरा दोरीला लागतो. या दोहोंच्या मधले दिवस धरावेत: दशमी, एकादशी, द्वादशी. पाण्याला पुरेशी ओढ असते आणि भरती सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते. ऊनही तोवर चढलेलं नसतं. गळ पाण्यात असण्याची वेळ म्हणजे भरतीचा शेवटचा तास आणि ओहोटीचे पहिले दोन तास. दशमीला ही वेळ साडेसहा ते साडेनऊ. त्यानंतर जेट्टीखालचं पाणी उथळ होतं आणि थोड्या वेळाने नुसता चिखल उरतो.

४. आमिष मिळवा आणि जिवंत ठेवा.
पहाटे पाग टाकणाऱ्यांकडून बोटभर लांबीची जिवंत कोळंबी विकत घ्यावी. बादलीत नळाचं पाणी अजिबात घालू नये. खाडीचंच पाणी भरावं, पंप चालू ठेवावा, बादली सावलीत ठेवावी. बादलीत गर्दी करू नये. आठ-दहा कोळंब्या सकाळभर पुरतात. मेलेली कोळंबी टाकली तर शिंगाळा लागतो. जिताडा हलत्या, जिवंत आमिषाकडेच येतो.

५. दोरी बांधा.
मुख्य दोरीत आधी शिसं ओवावं, मग मणी, मग फिरकी बांधावी. फिरकीच्या दुसऱ्या कडीला हातभर जाड तंगूस आणि त्याच्या टोकाला गळ. शिसं दोरीवर मोकळं सरकतं, त्यामुळे माशाने आमिष तोंडात घेतलं तरी त्याला वजन जाणवत नाही.

गाठ एकच शिकावी, पण डोळे मिटून बांधता येईल इतकी. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवून वीतभर पुढे काढा. ते टोक मागे वळवून मूळ दोरीला समांतर धरा आणि पुन्हा डोळ्याकडे आणून एक फास करा. आता टोक फासाच्या आतून, दोन्ही दोऱ्यांभोवती पाच वेळा गुंडाळा. गाठ ओली करा. कोरडी ओढली तर घर्षणाने तंगूस भाजतो आणि नेमका तिथेच तुटतो. टोक ओढून वेढे जवळ आणा, मग मूळ दोरी ओढून गाठ डोळ्याशी सरकवा. उरलेलं टोक दोन मिलिमीटर ठेवून कापा. फिरकीलाही हीच गाठ चालते. फक्त विणलेल्या दोरीला पाचऐवजी आठ वेढे द्यावेत, कारण ती गुळगुळीत असते.

६. कोळंबी गळाला लावा.
कोळंबी बोटांत हलकेच धरून उजेडासमोर पाहा. डोक्याच्या काट्याच्या खाली कवचाच्या आत एक काळसर ठिपका दिसतो. तो तिचा मेंदू आणि पोटाचा भाग. गळ त्याला लागला की कोळंबी लगेच मरते. गळाचं टोक त्या ठिपक्याच्या पुढून, काट्याच्या मुळाशी, कवचाच्या वरच्या थरातून आडवं काढा. ओढ जोरात असेल तर शेपटीच्या शेवटच्या पेरातून लावा. अशी कोळंबी बराच वेळ पाय हलवत राहते. गळाचं टोक उघडं राहिलं पाहिजे.

७. पाणी वाचा आणि गळ टाका.
ट्राउटच्या ओढ्यावर दगडामागचं शांत पाणी शोधतात. इथे जेट्टीच्या खांबामागचं शोधायचं. जिताडा पाठलाग करणारा मासा नाही. तो आडोशाला, ओढ चुकवून उभा राहतो आणि पाण्याबरोबर वाहत येणारं भक्ष्य तोंड उघडून आत ओढून घेतो. म्हणून तीन जागा पाहाव्यात: खांबाची पाणी वाहतं त्या दिशेची बाजू, तिवरांतून येणारा लहान फाटा खाडीला मिळतो तो कोपरा, आणि गढूळ पाणी व निवळ पाणी यांची शीव. ओहोटी लागली की त्या फाट्यातून कोळंबी आणि बोईटाची पिल्लं बाहेर पडतात. पाण्यावर लहान मासे एकदम उडाले किंवा ‘भुप्प’ असा खोल आवाज आला, तर जिताडा तिथेच आहे.

गळ त्या जागेच्या चार-पाच हात वरच्या बाजूला टाकावा आणि ओढीने आमिष आडोशापर्यंत जाऊ द्यावं. थेट माशाच्या डोक्यावर टाकू नये. जेट्टीवर पाय आपटू नयेत, बादली फरफटू नये. कंपन पाण्यात लगेच पोचतं.

८. थांबा.
दोरीतली ढील काढून काठी हातात धरा, तर्जनी दोरीला लावा. सारखं गुंडाळून पाहू नये. दहा-पंधरा मिनिटांनी एकदा आमिष जिवंत आहे का ते तपासावं. बारीक टकटक म्हणजे शिंगाळा किंवा खेकडा. जिताड्याचा झटका एकच असतो, जड, आणि लगेच दोरी बाजूला चालू लागते.

९. मासा लागल्यावर.
झटका देऊ नका. सर्कल हुक ओठाच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. हिसका दिला तर तोंडातून निसटतो. फक्त रीळ फिरवत दोरी ताठ करा. रिळाचा ब्रेक आधीच तीन किलोच्या आसपास लावलेला असावा. पहिली धाव खांबाकडे असते. तेव्हा काठी उलट बाजूला, आडवी धरून त्याचं डोकं वळवा. मग तो उसळी मारतो, पाण्याबाहेर येऊन डोकं झाडतो. त्या क्षणी काठी खाली झुकवा, म्हणजे दोरीला हिसका बसणार नाही. दमवत बसू नका. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, फार वेळ झुंजलेला मासा सोडला तरी जगत नाही. झेला पाण्यात बुडवून ठेवा आणि माशाला त्याच्यावर आणा. झेला माशामागे पळवू नका. जेट्टी उंच असेल तर लांब दांड्याचा किंवा दोरीने खाली सोडता येणारा झेला घ्या. दोरीला लटकवून मासा वर ओढू नका.

१०. मोजा आणि ठरवा.
हात ओले करा. कल्ल्यांत बोटं घालू नका, त्याने माशाचे कल्ले फाटतात आणि आपली बोटंही कापतात. हातमोजा घालून खालचा जबडा धरा, दुसरा हात पोटाखाली द्या. ओल्या मोजपट्टीवर मापून लगेच निर्णय घ्या.

६० सेंटिमीटरपेक्षा लहान: सोडा. त्याने अजून एकदाही प्रजनन केलेलं नसेल.
६० ते ८०: घरी न्यायचा असेल तर एक.
८० च्या वर: सोडा. ती मादी आहे, किंवा होऊ घातली आहे.

हे माप कुणी लादलेलं नाही, या माशाच्या वाढीतूनच आलेलं आहे. ऑस्ट्रेलियात हाच मासा बारामंडी म्हणून ओळखला जातो. तिथल्या क्वीन्सलँड राज्यात ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० पेक्षा मोठा मासा ठेवायला कायद्याने मनाई आहे. आपली खाडी अरुंद आहे आणि तिच्यावर भार जास्त आहे, म्हणून वरची मर्यादा आपण अधिक खाली ठेवावी.

११. सोडण्याची रीत.
काटा दाबलेला गळ पकडीने एका वळशात निघतो. गळ खोल गिळला असेल तर उपसू नका, तंगूस तोंडाजवळ कापा. मासा हवेत अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त ठेवू नका. फोटो काढायचा असेल तर कॅमेरा आधीच तयार असावा. मासा वरून फेकू नका. झेल्यातच ठेवून पाण्यात उतरवा आणि त्याचं तोंड ओढीकडे राहील असं धरा. कल्ल्यांची उघडझाप नियमित झाली, शेपटीचा जोर जाणवला, की झेला तिरका करा. तो स्वतः निघून जातो.

१२. ठेवायचा असेल तर.
तडफडत ठेवू नका. डोक्यावर एक नेमका घाव घाला, कल्ल्यांखाली कापून रक्त जाऊ द्या आणि लगेच बर्फात गाडा. घरी आल्यावर खवले काढून, पोट साफ करून जाड तुकड्या करा. आगरी-कोळी पद्धतीचं साधं आंबट कालवण या माशाला शोभतं: ठेचलेला लसूण तेलात, हळद, घरचा मसाला, चिंचेचा कोळ, उकळी आल्यावर तुकड्या, मीठ आणि दहा मिनिटं मंद आच. जास्त वाटणघाटण केलं तर माशाची चव हरवते.

टीपा

शिंगाळा लागला तर: पाठीवरच्या आणि बाजूच्या काट्यांना विष असतं. हाताने धरू नका, पकडीने गळ काढा. काटा लागलाच तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, वेदना उतरते. मग डॉक्टरकडे जा.

चिखल: ओहोटीनंतर दिसणारा सपाट चिखल माणसाला मांडीपर्यंत ओढतो. अडकलेला गळ सोडवायला किंवा पडलेली वस्तू आणायला खाली उतरू नका. एकटे जाऊ नका. जाकीट घालून बसा.

खाण्याबद्दल: ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने आणि तळोजाकडून येणारी कासाडी यांचा भार या खाडीवर आहे. नाल्याच्या तोंडाशी धरलेला मासा खाऊ नये. मोठ्या शिकारी माशांत पारा साठत जातो, म्हणूनही ठेवायच्या मापातला लहानच मासा घरी न्यावा आणि तो कधीतरीच. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना खाडीचा मासा न देणं उत्तम.

जिताडा खायचाच असेल तर: गळावर अवलंबून राहू नये. पेण-अलिबागकडच्या खारभूमीत उधाणाच्या पाण्याबरोबर उघाडीतून (बांधाच्या दारातून) आत आलेली पिल्लं तळ्यांत वाढवण्याची जुनी रीत आहे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचं कृत्रिम प्रजनन साधलं, तेव्हापासून हॅचरीतली पिल्लंही मिळू लागली. तळ्यातला मासा घेतला तर खाडीतली आई वाचते आणि शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात.

कचरा: तुटलेला तंगूस वर्षानुवर्षं कुजत नाही. बगळे, पाणकावळे, फ्लेमिंगो यांचे पाय त्यात अडकतात. आपला तुकडा न् तुकडा आणि जवळपास दिसेल तो दुसऱ्याचाही पिशवीत भरून घरी आणावा.

निसर्गाशी ज्यांची ओळख जुनी आहे, त्यांना मासा सोडणं नवं नाही. वाड्याजवळ तिळसे येथे वैतरणेच्या डोहात आणि महाडजवळ वाळणकोंडीला काळ नदीत, देवाचे म्हणून लोकांनी मासे पिढ्यान् पिढ्या राखले आहेत. तिथे त्यांना कुणी हात लावत नाही, आणि म्हणूनच ते आजही तिथे आहेत. करावे-दिवाळ्याच्या खाडीला असा देवाचा पहारा नाही. तिथे पहारा गळ टाकणाऱ्यानेच द्यायचा आहे. तेव्हा दशमी-एकादशी पाहून जरूर जा, कोळीवाड्यातल्या माणसांशी ओळख करा, मुलांनाही सोबत न्या. आणि ८० सेंटिमीटरच्या वरचा जिताडा लागला, तर कितीही मोह झाला तरी तिला परत सोडा. पुढच्या पावसाळ्यात खाडी भरायची आहे ती तिच्याच अंड्यांनी.